ओढ्याच्या दाराला साखळी

आमच्या वरकुट्याच्या शिवारात पाऊस बऱ्याच वर्षी फिरकतच नाही. ओढ्यात वाळू, वाळूत बाभळी. पण वर बारामतीकडच्या माळावर ढग फुटला, की आमच्याकडं कडक ऊन असताना ओढा भिंतीसारखा चालत येतो. एकदा असाच आला. तेव्हा ओढ्यावरच्या बंधाऱ्याला पाणी अडवायचे लोखंडी ढापे, म्हणजे जाड पत्र्याच्या फळ्या होत्या. पावसाळ्याआधी त्या हातानं काढायच्या असतात, पण काढल्या कुणीच नाहीत. दुष्काळातल्या माणसाला साठलेलं पाणी सोड म्हणायचं, म्हणजे त्याच्या पुढ्यातली भाकरी ओढायची. पाण्याला वाट घावली नाही. ते बंधाऱ्याची कड फोडून खाली माझ्या विधवा बहिणीच्या वस्तीत शिरलं. गोठा गेला, दावणीच्या गाई गेल्या. ती चौकटीला धरून कशीबशी वाचली.

मग सरकारनं आपोआप पडणारं दार बसवलं. पाणी ठरलेल्या खुणेच्या वर चढलं, की त्याच्याच दाबानं दार आडवं होतं. बंधारा अर्धा रिकामा झाला, की मागच्या वजनानं परत उभं राहतं. मी दुसरीत शाळा सोडलेला माणूस. चावडीवर साहेबाला तोंडावर विचारलं, "लोखंडाला कसं कळणार, पाणी कवा चढलं ते?" साहेब हसला. मी हसलो नाही. पावसात पोतं डोक्यावर घेऊन बंधाऱ्यावर जाऊन बसलो. पाणी चढलं, दार आडवं झालं, लोंढा ओढ्याच्या पोटातनंच निघून गेला. बहिणीच्या अंगणाला शिंतोडाही लागला नाही. डोळ्यानं बघितल्यावर मी मानलं.

पण वरच्या अंगाच्या ऊसवाल्यांना अर्धा बंधारा गेलेला दिसला. त्यांत सगळ्यात जास्त बोंबलला तो माझाच धाकटा भाऊ. त्याची मोटर बंधाऱ्याच्या फुगवट्यात. त्यानं भवानीनगरच्या बाजारातनं जाड साखळी आणली, दार खांबाला बांधलं आणि वर कुलूप घातलं.

"आरं, खाली आपली बहीण ऱ्हाती," मी म्हणालो.

"आन् वर माझा ऊस ऱ्हातो. दादा, पूर कवातरी येतो. उन्हाळा दरसाल येतो."

"उसाला भाऊबीजंला ओवाळायला लाव मग."

तो उठून गेला. गावात कुणी साखळीला हात लावला नाही. सगळ्यांच्या विहिरी त्याच पाण्यावर.

परतीच्या पावसात एका दुपारी वरची बाजू काळी झाली. आमच्याकडं वाराही नव्हता. बंधारा तुडुंब, पाणी खुणेच्या वर. भाऊ लासुर्ण्याला पाहुण्यांकडं गेलेला, फोन लागेना. मी पहार घेतली आणि कुलूप फोडलं. साखळी सुटली तसं दार धाडकन आडवं झालं. मी काठावर उभा राहून पुराची वाट बघू लागलो.

पूर आलाच नाही. वरचा ढग दुसऱ्याच खोऱ्यात रिता झाला म्हणे. ऊन पडलं. बंधारा निम्मा झाला आणि दार गुमान उभं राहिलं.

उन्हाळ्यात भावाचा ऊस वाळला. लोक मला पारावर ऐकवायचे, "आबांनी पूर आडवला बरं का, न आलेला!" मी म्हणायचो, "आला असता तर तुमी बोलायला आला नसता." मान खाली घातली नाही, आजही घालत नाही. पण बहिणीच्या विहिरीचाही तळ दिसला. ती लांबनं घागरी आणायची आणि मला एक शब्द बोलायची नाही. ते मात्र लागायचं.

भावानं नवी साखळी घातली. या वेळी मी भांडलो नाही. म्हणालो, "किल्ली आक्काकडं दे. बुडणार ती हाय, तिलाच ठरवू दे." त्यानं दिली. मला वाटलं, जिंकलो. जिचा जीव टांगणीला, ती का उशीर करील?

काल दुपारी वरची बाजू परत काळी झाली. बंधारा भरलेला. मी काठी टेकत तिच्या वस्तीवर गेलो. ती मुगाच्या शेंगा निवडत होती. किल्ली पदराच्या गाठीला.

"चल, कुलूप काढ."

तिनं वर बघितलं. "थांबू की जरा, दादा."

"कशाला थांबायचं? मागला पूर इसरलीस?"

"कसं इसरंन? गाईंचं हंबरणं आजून कानात हाय." ती शेंगा निवडतच राहिली. "पर पाणी सोडलं आन् पूर न्हाय आला, तर उन्हाळ्यात वस्ती उठलीच म्हणायची. एकदा उठली की परत कोण बसवंल?"

"आन् आला तर?"

ती उठली, वासरं सोडून वरच्या बांधाला नेऊन बांधली. चुलीतली लाकडं ओढून विझवली. धान्याची पोती माळ्यावर चढवायला मला हात लावायला लावलं. मग उंबऱ्यावर माझ्याशेजारी येऊन बसली. किल्ली गाठीतच होती. आम्ही दोघं बाभळीच्या पलीकडं, ओढ्याच्या वळणाकडं बघत राहिलो.