वकीलसाहेबांच्या गाडीतला लाल दिवा

व्होल्टमीटरच्या वायरी बॅटरीला जोडून, मीटर मांडीवर घेऊन मी वकीलसाहेबांच्या शेजारी बसलो होतो. मागच्या सीटवर साहेबांच्या पत्नी, काकू, होत्या. त्यांनी बसतानाच बजावलं होतं, "आज बंद पडली, तर संध्याकाळी येणाऱ्या गिऱ्हाईकाले गाडी देऊन टाका. मले आता रस्त्यात तमाशा नको."

गाडी वकीलसाहेबांच्या वडिलांची, साठेक वर्षांची. तिचा जुना डायनामो काढून मीच अल्टरनेटर बसवला होता. अल्टरनेटर म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र. तो चालेनासा झाला की गाडी नुसत्या बॅटरीवर चालते, आणि बॅटरी उतरली की जिथे असेल तिथे थांबते. महिन्याभरात ती दोनदा थांबली होती, दोन्ही वेळा सदर भागातल्या सिग्नलला.

दोन्ही वेळा मी गाडी गॅरेजवर आणली. सुरू केली, सवयीने दणकून रेस दिली, मीटर लावलं. चौदा व्होल्ट! म्हणजे चार्जिंग झकास. तरी बेल्ट बदलला, बॅटरीसुद्धा बदलली. तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, पण माझ्यासमोर नीट चालणाऱ्या गाडीत दोष शोधायचा कुठे? साहेबांचा फोन आला की धडकी भरायची. शेवटी म्हटलं, साहेब, तुम्ही चालवा, मी नुसता बसतो.

रामदासपेठेतून निघालो. साहेबांनी गाडी अगदी हळुवार सुरू केली. मीटरवर बारा, म्हणजे नुसती बॅटरी. धंतोलीत दवाखान्यांच्या गर्दीत शिरलो, तर अकरा पॉइंट आठ. मी रुमालाने कपाळ पुसलं.

"काय गा सुधाकर, घाम काहून येऊन राहिला तुले?"

"साहेब, चार्जिंग नाही होऊन राहिलं. जरा रेस द्या."

त्यांनी दिली. मीटर थेट चौदावर! तेव्हा कुठे माझं लक्ष डॅशबोर्डकडे गेलं. इतका वेळ चार्जिंग नव्हतं, मग चार्जिंग बंद असल्याचं सांगणारा लाल दिवा का लागला नाही?

"बल्ब मी काढून टाकला," साहेब हळूच म्हणाले. "किल्ली फिरवली की तो लागे, अन् ही म्हणे, गाडी बिघडली, मी उतरतो."

मी गाडी कडेला घ्यायला लावली. अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो. बल्ब नसेल, तर जोरात रेस मिळेपर्यंत तो जागाच होत नाही. मी रेस देत होतो, साहेब देत नव्हते. एवढीच भानगड.

माझ्या सामानाच्या खोक्यातला बल्ब लावला. किल्ली फिरवली, दिवा लागला. इंजिन सुरू झालं, दिवा विझला. रेस न देता पावणेचौदा. मला हायसं वाटलं.

"म्हणजे मी घाबरली म्हणून गाडी बंद पडे?" काकूंनी विचारलं. साहेब काचेबाहेर पाहायला लागले.

"नाही काकू, चूक माझी. गाडी साहेब चालवतात, अन् तपासताना चालवत होतो मी."

सदरच्या सिग्नलला थांबलो. इंजिन चालूच होतं. हिरवा लागायच्या आत काकूंनी गिऱ्हाईकाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

आता कोणाचीही तक्रार आली की किल्ली मी मालकाच्याच हातात देतो. काकू मात्र पुढच्या सीटवर बसायला लागल्या आहेत. किल्ली फिरवल्यावर लाल दिवा लागला नाही, तर त्या उतरतात.