पिवळं निशाण

शाळेच्या गुरुजींनी मला फसवलं. जुनी कविता नवी म्हणून माझ्या गळ्यात मारली आणि बदल्यात घरून ज्वारीचं पोतं नेलं.

निजामाचं राज्य संपून हिंदुस्थानची फौज आदिलाबादेत आली, तेव्हाची ही गोष्ट. फौजेच्या सत्कारात विजयगीत म्हणायचा मान मी चार लोकांशी भांडून मिळवला होता. कापसाच्या दलालीत स्वतःच्या जिवावर वर आलेला माणूस मी. एकदा तरी लोकांनी माझ्या तोंडून कापसाच्या भावाखेरीज काही ऐकावं, एवढीच हौस. कविता मात्र जुळवता येत नव्हती. गुरुजींनी एका दिवसात लिहून दिली. तिथंच संशय यायला हवा होता.

सत्काराच्या सकाळी मी बायकोवर भडकलो. सत्काराचा तिरंगी झेंडा शिवायचं काम आमच्या घरी होतं. बाजारात केशरी कापड मिळालं नाही, म्हणून तिनं वरचा पट्टा हळदीत बुडवला होता. माझा आरडाओरडा ऐकून घेऊन ती म्हणाली, "काऊन ओरडून राह्यले? वाऱ्यावर फडकला का कोन रंग पाह्यते?"

मंडपात पहिली दोन कडवी झोकात झाली. तिसऱ्यात म्हणून गेलो, 'पिवळे निशाण गगनी डोले'. तोंडातून गेलं आणि मग कानांना कळलं. पिवळं निशाण निजामाचं. म्हणजे कविता दुसऱ्याच फौजेच्या विजयासाठी लिहून ठेवलेली, नावं तेवढी बदललेली. त्या दिवसांत निजामाचा माणूस ठरायला एवढं पुरे होतं. फौजेच्या साहेबाशेजारी बसलेल्या मराठी हवालदारानं भुवया चढवल्या. "पिवळं कसं हो, शेटजी?"

आयुष्यभर बोलून पोट भरलं, पण त्या वेळी जीभ नाही, बोट कामी आलं. ते आपोआप झेंड्याकडे गेलं. मंडपाबाहेर काठीवर हळदीचा पट्टा उन्हात झळकत होता. हवालदार हसला, त्यानं साहेबाला समजावलं, साहेबही हसला. घरी जाऊन तांब्याभर पाणी प्यालो आणि बायकोला सांगितलं, पट्टा बरा दिसत होता.

गुरुजींना गाठलं, तर मलाच म्हणाले, "तुमी नाई का मागल्या सालचा कापूस नव्यात घालत?"

घालतो. पण त्या कापसापायी कुणाला बंदुकांसमोर उभं राहावं लागलं नाही. गुरुजी, तिसरं कडवं आधी कुणासाठी लिहिलं होतं, ते एकदा चारचौघांत सांगा.