जपानी देवळातली मराठी पाटी

नवऱ्याच्या हातातला फोन हिसकावून समोरच्या गरम वाडग्यात बुडवावा, असं मला आयुष्यात एकदाच वाटलं. तो राग अजून पुरता गेलेला नाही.

दुबईत नॅशनल डेला जोडून चार दिवस सुट्टी होती आणि क्योटोची तिकिटं आम्ही उन्हाळ्यातच काढून ठेवली होती. मधल्या काळात माझ्या छातीत गाठ लागली. बायोप्सी झाली, रिपोर्ट सुट्टीनंतर मिळणार होता. मी म्हटलं, नको जायला. नवरा म्हणाला, "इथे अल बर्शातल्या घरात बसून नुसती भिंतीकडे बघत राहशील. यल्ला, बॅग भर." लेकीची दहावीची प्री-बोर्ड तोंडावर होती, म्हणून तिला डिस्कव्हरी गार्डन्समधल्या माझ्या मैत्रिणीकडे ठेवलं. गाठीचं लेकीला सांगितलं नव्हतं, मैत्रिणीलाही नाही. परीक्षा होईपर्यंत पोरीच्या कानावर काही जाऊ द्यायचं नाही, असं आम्हा दोघांचं ठरलं होतं. दोघांचं, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

शिंतो देऊळ हॉटेलमागच्या टेकडीवर होतं. दाराशी दगडी कुंडात पाणी आणि बांबूच्या पळ्या. तिथे हात धुऊन चूळ भरायची असते. मी सवयीने पाणी उजव्या तळव्यावर घेतलं, तीर्थ म्हणून पिऊन टाकलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. शेजारची जपानी आजी हबकून बघत राहिली. नवरा पोट धरून हसला आणि मीही हसले, बऱ्याच दिवसांनी.

आत हाताएवढ्या लाकडी पाट्या मिळत होत्या. पाटीवर आपलं मागणं लिहायचं आणि बाकीच्यांच्या पाट्यांशेजारी उघड्यावर टांगायचं. उघड्यावर म्हणून मी आधी बिचकले. मग वाटलं, इथे मराठी कोण वाचणार? दुबईत लिफ्टमध्ये मराठीतून कुणाबद्दल काही बोलायची सोय नाही, मागे उभा असलेला हमखास रत्नागिरीचा निघतो. इथे रान मोकळं होतं. मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'रिपोर्ट चांगला येऊ दे. गाठ साधी निघू दे. तोवर मुलीला काही कळू नये.' पाटी टांगली, दोनदा वाकले, दोन टाळ्या वाजवल्या आणि खरंच हलकं वाटलं.

खाली गल्लीतल्या छोट्या हॉटेलात उडोन खाल्लं. जाड शेवया, वाफाळतं पातळ सूप आणि वर कांदा-गाजराची कुरकुरीत भजी, आपल्या खेकडा भजीची चुलत बहीणच. मी पहिला घास घेतला आणि माझा फोन थरथरायला लागला. दुबईत तेव्हा सकाळचे आठ वाजले होते.

"अगं, कसली गाठ? बोलली नाहीस!" शेजारणीचा मेसेज. पाठोपाठ दुसरा, तिसरा. रास अल खैमाहून चुलत नणंदेचा तर फोनच.

नवऱ्याने माझ्या पाटीचा फोटो काढून स्टेटसला टाकला होता. वर लिहिलं होतं, 'जपानमध्ये मराठीचा झेंडा!'

"काय लिहिलंय ते वाचलंस का तू?" मी विचारलं.

"नाही गं. मला वाटलं, नेहमीसारखं सगळ्यांचं भलं होऊ दे वगैरे असेल." मग त्याने वाचलं. त्याचा चेहरा उतरला. "डिलीट केलं. खलास. कुणी पाहिलं नसेल फारसं."

बायको हातभर अंतरावर उभी राहून जिवाचं मागणं लिहिते आणि हा माणूस उजेड बघतो, कोन बघतो, अक्षराचं कौतुक करतो, पण तीन ओळी वाचत नाही! वीस वर्षं संसार केला या माणसाशी. मी वाडगा तसाच सोडून उठले. उरलेले दोन दिवस आम्ही क्योटो बघितलं ते एकमेकांच्या पाठीमागून चालत.

एकच आधार होता. लेकीला मराठी वाचता येत नाही. या गोष्टीची मला कायम लाज वाटत आली, पण तेव्हा मी तिच्यावरच भिस्त ठेवून होते.

गाठ पुढे साधी निघाली. ते आत्ताच सांगून टाकते, कारण हे लिहायचं कारण ते नाही.

विमानतळावरून थेट डिस्कव्हरी गार्डन्सला गेलो. नवऱ्याला गाडीतच बसायला सांगितलं. लेकीने दार उघडलं. डोळे सुजलेले, पुस्तक न उघडलेलं. माझ्यापुढे तिने फोन धरला. स्टेटस पुसलं जायच्या आधीच तिने फोटो ठेवून घेतला होता, आणि खाली फोनने केलेलं इंग्रजी भाषांतर होतं.

"बाबाला मी सोडणार नाहीये," मी म्हणाले. "त्याने हे असं..."

"बाबाने चुकून सांगितलं," ती म्हणाली. एरवी प्रत्येक गोष्टीला इंग्रजीत उत्तर देणारी माझी पोर त्या दिवशी शब्द शोधत, अडखळत मराठीत बोलत होती. "तू त्या देवाला सांगितला. त्याचा नाव पण तुला माहीत नाही. मला नाही सांगितला."