पंगतीतून उठणं

मावशींना काहीही विचारा, उत्तर एकच, "बरं हाय." पाय दुखतात का? बरं हाय. जेवण जातं का? बरं हाय. दोन्ही बाजूंनी धरून आणलेलं असायचं, तरी बरं हाय. लातूरच्या आमच्या दवाखान्यात त्यांचं नावच 'बरं हाय मावशी' पडलं होतं.

मावशी देवणीच्या. स्नायू हळूहळू झिजत जाण्याचा एक आजार त्यांना होता. इतका दुर्मीळ, की सगळ्या मराठवाड्यात शोधूनही रुग्ण सापडायची मारामार. त्यावरच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती, आणि रुग्णाला स्वतःला कसं वाटतं ते विचारून लिहिणं हे माझं काम. माणसंच मोजकी, त्यामुळे ज्याच्या-त्याच्या उत्तरावर त्याचं औषध पुढे चालू राहणार की नाही ते ठरायचं. आणि प्रश्न तरी कसले! जिना चढता का, सोफ्यावरून उठता का. मावशींच्या घराला ना जिना, ना सोफा. ते प्रश्न तयार करणाऱ्यांचा मला मनस्वी राग यायचा.

औषध सुरू झालं आणि वर्षभरात मावशी कुणाच्या आधाराशिवाय चालत येऊ लागल्या. कागदावर मात्र फरक दिसेना. दिसणार कसा? औषधाआधीही बरं आणि औषधानंतरही बरं. हे मी समजावून सांगितलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "कुनी इचारलं तर बरं हाय म्हनावं, अशी रीत हाय आमच्यात. आपलं रडगानं दुसऱ्याच्या गळ्यात कशाला?"

पण हार मानतील त्या मावशी कसल्या. पुढच्या खेपेला त्या थेट मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि फरशीवर मांडी घालून बसल्या. "आमाला जिन्याचं काय इचारता? पंगतीचं इचारा," म्हणाल्या. मग हात टेकून, एका गुडघ्यावर येऊन, एकट्याच उभ्या राहिल्या. आजार झाल्यापासून पंगतीतून उठता येईना म्हणून त्यांनी लग्नाकार्याला जाणंच सोडलं होतं. चारचौघांत कुणी काखेत हात घालून उठवायचं, याची त्यांना लाज वाटायची.

डॉक्टरांनी प्रश्न तयार करणाऱ्यांशी भांडून जमिनीवरून उठण्याचा प्रश्न घ्यायला लावला, पण तो नव्या रुग्णांसाठी. मावशींचं सुरुवातीचं 'बरं' कुणालाच बदलता येईना, आणि त्यांचं औषध बंद झालं. तरी माहूरकडची एक बाई चाचणीत नव्याने आली, तेव्हा तिला फोनवरून दम द्यायला मावशीच पुढे. "लाजू नको तितं. न्हाई जमत तर न्हाई म्हन."

पुढे त्यांच्या पुतणीच्या लग्नाला मी देवणीला गेले. मावशी खुर्ची बाजूला सारून पंगतीत बसल्या होत्या. जेवणं उरकली, सगळी पंगत एकदम उठली, मावशी तेवढ्या उठेनात. हात टेकला, गुडघा उचलला, पुन्हा खाली बसल्या. वाढपी धावले, त्यांना मावशींनी हातानेच थांबवलं. मी जवळ जाऊन सवयीने विचारलं, "मावशी, कसं आहे?"

सगळी भावकी बघत होती. मावशी मोठ्याने म्हणाल्या, "बरं न्हाई, पोरी. औषध होतं तवा उठत होते, आता उठता येईना."

मी त्यांना धरायला वाकले. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"आदी लिही. मग उठव मला."