कानाला पोचलेला हात

गोल मारल्यावर नऊ नंबरला नाचताना कुणी कधी पाहिलं नाही. आमच्या मैदानावर गोलाला जाळी नव्हती, त्यामुळे चेंडू थेट मागच्या बाभळीत जायचा. आम्ही तिच्या गळ्यात पडायला धावायचो, तोवर ही काट्यांतून चेंडू ओढून, काखेत मारून मधल्या रेषेकडे पळत सुटलेली. "नाचता काहून वं? टाइम चालला ना!" असं वर आम्हालाच झापायची. चार गोलांनी पुढे असलो तरी तिची घाई तीच. मी गोलकीपर होते, त्यामुळे तिची पाठ बघण्यातच माझं निम्मं खेळणं झालं.

तिचे अब्बा मूर्तिजापुरात कापूस पिंजून गाद्या भरायचे. शाळेच्या चेंडूचा ब्लॅडर फुटला तेव्हा त्यांनी त्यात कापूस ठासून भरला आणि दाभणानं शिवून दिला. तो चेंडू उसळायचा नाही आणि पायाला धोंड्यासारखा लागायचा. आम्ही चार दिवसांत त्याचा नाद सोडला. ती वर्षभर त्यालाच लाथा घालत राहिली. पुढे खरा चेंडू आला, तेव्हा तिच्या पहिल्याच फटक्यानं शाळेच्या छपराची तीन कवेलू फुटली. पीटीचे सर ओरडायला उठले आणि न ओरडताच परत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्या शर्टाच्या पाठीवर नऊ आकडा रंगवला, आणि घरचं नाव मागे पडलं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. शेतं पिकत नव्हती म्हणून लग्नं लांबत होती, आणि लग्नं लांबली की नव्या गाद्या कोण भरून घेणार? अब्बांची पिंजण महिना महिना भिंतीला टांगलेली असायची. घरात चार मुली, ही थोरली. अकोल्याहून तिच्यासाठी स्थळ आलं होतं. सरांनी घरी जाऊन अब्बांना समजावलं की राज्याच्या संघात निवड झाली तर पोरगी खेळाच्या कोट्यातून नोकरीला लागेल. अब्बांनी पाहुण्यांना अमरावतीच्या निवड चाचणीपर्यंत थांबवलं. "निवडलं त खेळीन, नाई त अकोला," नऊ नंबर मला म्हणाली. अकोला म्हणताना तिचा आवाज पार खाली गेला.

अमरावतीच्या चाचणीला आम्ही दोघी गेलो. तिनं दोन दिवसांत पाच गोल मारले. तिसऱ्या दिवशी टेबलावर कागद तपासले गेले. निवड सतरा वर्षांखालच्या मुलींची, आणि शाळेच्या दाखल्यावर तिला सतरा पुरी झालेली.

आता हे कसं झालं ते सांगते. माझे बाबा शाळेचे हेडमास्तर. नाव घालायला आलेल्या लेकराची जन्मतारीख कुणाच्याच घरी लिहिलेली नसायची. मग बाबा त्याला सांगायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान हाताला लागला की सहा वर्षं पुरी. रजिस्टरात तारीख लागायची एक जून. निम्मं गाव एक जूनला जन्मलेलं! नऊ नंबरच्या आईला कापूस वेचायला जायचं होतं, लेकीला कुठं ठेवावं कळेना, म्हणून तिनं तिला पाचव्याच वर्षी शाळेत आणलं. पोरीचे हात लांब. तिनं झटक्यात कान धरला. बाबांनी सहा वर्षं लिहिली.

माझी तारीख मात्र बाबांनी पत्रिका बघून घातली होती. आम्ही दोघी एकाच पोळ्याच्या आगेमागे जन्मलेल्या. मला राज्याच्या संघाच्या शिबिराला घेतलं आणि तिला बाहेर बसवलं.

अब्बा आमच्या घरी आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. "गुरुजी, मेरी बेटी का एक साल तुमारे पास है," ते म्हणाले, "वापस दे देव."

"मी हातच पाहिला हो, चाचा. दुसरं काय पाहणार होतो?" बाबा म्हणाले. ते दोनदा शिक्षण खात्याच्या कचेरीत जाऊन आले. तिथं जन्माचा पुरावा हवा होता. नऊ नंबर घरी जन्मलेली आणि बाळंतपण करणारी दाई कधीच वारलेली. मला बाबांचा राग यायचा, त्याहून जास्त माझा. ती नसेल तर मीही जाणार नाही, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही.

तिच्या लग्नाची गादी अब्बांनी स्वतः भरली. उशीला कापूस कमी पडला, तेव्हा नऊ नंबरनं तो जुना चेंडू आणला, उसवला आणि आतला मळका कापूस त्यांच्यापुढे ठेवला. अब्बांचा हात थांबला. "पिंजो ना अब्बा. पडे पडे क्या करता वो?" ती म्हणाली. मी रडायला लागले तशी माझ्याकडे वळली. "तू काहून रडून राहिली वं? तू त खेळून राहिली ना!" राज्याच्या संघात मी राखीव बसले आणि एकही सामना न खेळता परत आले.

पुढे मी अकोल्यात शिक्षिका झाले. एका जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत नऊ नंबर उभी दिसली. अंगानं सुटलेली, केस अवेळी पिकलेले, सोबत तिची लेक. मला ओळखून हसली, पण आधी प्लास्टिकच्या पिशवीतून दवाखान्याचा जन्मदाखला काढून माझ्यासमोर ठेवला. "हेच लिव. एक दिवसबी वर नको."

मी रजिस्टर ओढलं. तेवढ्यात आमचे म्हातारे शिपाई जुन्या सवयीनं पोरीला गमतीत म्हणाले, "धर पाहू कान!" पोरीनं लांबसडक हात डोक्यावरून नेला आणि कान मुठीत धरला.

"हात नीचे कर!" नऊ नंबर एवढ्या जोरानं ओरडली की सगळी रांग वळून बघू लागली. तिनं तो हात खाली ओढला. मग आवाज उतरला. "टाइम है तेरे कू. अभी बहोत टाइम है."

मी तारीख लिहून होईपर्यंत तिनं पोरीचं मनगट सोडलं नाही.