अपडेट कुणी केलं?

चाकणच्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये डिझाइनचा एकच कॉम्प्युटर होता. त्यावर लिनक्स होतं, पण कटिंग मशीनचे प्रोग्रॅम बनवायचं सॉफ्टवेअर फक्त जुन्या विंडोजवर चालायचं. म्हणून मी लिनक्समध्येच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला दुसरा कॉम्प्युटर, बसवून दिलं होतं.

एका मंगळवारी सकाळी ते उघडेचना. ‘कर्नल हेडर्स सापडत नाहीत,’ एवढीच ओळ. आदल्या संध्याकाळी निघायच्या घाईत लिनक्सचं अपडेट मीच केलं होतं. शिवाय जागा मोकळी करायला जुना कर्नलही काढून टाकला होता, म्हणजे मागे फिरायची सोयही नव्हती.

शेठ मागे येऊन उभे राहिले. “काल शेवटी यावर कोण बसलं होतं?”

स्टोअर सांभाळणाऱ्या ताई मोशीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. त्या म्हणाल्या, “मालाचं चलन काढाया मी बसले व्हते. पर काय केलं न्हाई.”

“न कळणारी बटणं दाबू नका, ताई,” शेठ म्हणाले.

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. बोलायला दोन सेकंद पुरले असते.

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा आणि हेडर्स म्हणजे त्याचा नकाशा. नकाशाशिवाय व्हर्च्युअल मशीनला त्या गाभ्याशी जोडून घेता येत नाही. मी इंटरनेटवरून हेडर्स उतरवून घेतले, तरी तीच ओळ. काढले, परत बसवले. शेठ खुर्ची ओढून शेजारीच बसले, त्यामुळे उठायचीही सोय राहिली नाही. काचेपलीकडे कटिंग मशीनचा ऑपरेटर हाताची घडी घालून उभा होता. मागे ताई कागद लावत होत्या. मान वळवायचं धाडस होईना.

जेवणाच्या सुट्टीला अखेर मी चालू कर्नलच्या आवृत्तीचा आकडा कागदावर लिहिला आणि खाली हेडर्सचा. शेवटचे दोन अंक वेगळे! सकाळपासून मी भलत्याच कर्नलचे हेडर्स बसवत होतो. नेमके हवे ते उतरवले, जोडणी नव्याने केली आणि जुनं विंडोज उघडलं.

“वा, भावा!” शेठनी पाठ थोपटली.

“अपडेट मी केलं होतं, शेठ. ताईंनी नाही.”

“जाऊ दे राव, चालू झालं ना?” म्हणत ते मशीनकडे गेलेसुद्धा.

मी ताईंच्या टेबलापाशी गेलो. “चुकलं माझं, ताई.”

“सकाळी म्हनायचं व्हतं, भाऊ.”

त्यानंतर कितीतरी दिवस कॉम्प्युटर मोकळा असला, तरी त्या चलनं हातानंच लिहीत राहिल्या.