रक्तात पहिला नंबर

आमच्या थोरल्या साडूंइतका ठणठणीत आजारी माणूस अख्ख्या मुंबईत शोधून सापडणार नाही. विक्रोळीला हायवेच्या कडेला त्यांचं बॅटऱ्या दुरुस्त करण्याचं टपरीवजा दुकान. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं कढईत वितळवायचं आणि ट्रकांचा धूर तोंडावर घेत त्याच काळ्या हातांनी वडापाव खायचा, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. हात धुवा म्हटलं तर मालवणी ठसक्यात म्हणत, "अहो, पाण्यान चव जाता!" पोट दुखलं की दोष बटाट्याचा, मनगटातलं बळ जाऊन हातोडी निसटली की दोष दांड्याचा. मी एकदा चांगला मास्क नेऊन दिला होता. त्यात ते स्क्रू ठेवत.

मग हायवेवरच्या गॅरेजवाल्यांसाठी कुणीतरी रक्ततपासणीचं शिबिर भरवलं. सगळ्यांत जास्त शिसं साडूंच्या रक्तात निघालं. दुसरा कुणी हादरला असता, यांनी मला फोन केला, "पयलो नंबर इलो!" रिपोर्ट दुकानात गणपतीच्या फोटोशेजारी चिकटवला आणि येणाऱ्या प्रत्येक टेम्पोवाल्याला तो वाचून दाखवला.

शेवटी मीच त्यांना ओढून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी काम थांबवायला सांगितलं, हे हसले.

"याच कपड्यांत घरी जाता?" बाईंनी विचारलं.

"मग काय, सूट घालू?"

"घरात लहान मूल आहे?"

"नात आसा ना, तीन वर्षांची! मी गेलंय की मांडयेर चडता, बोटां चोखता माझी."

बाईंचं पेन थांबलं. "तिला उद्या घेऊन या."

परतताना रिक्षात साडू आपली काळी बोटं न्याहाळत बसले. नातीच्या रक्तातही शिसं निघालं. वेळेवर कळलं, उतरेल, असं बाई म्हणाल्या. तो रिपोर्ट साडूंनी कुणालाच दाखवला नाही. त्याच आठवड्यात शिसं वितळवायची भट्टी मोडली. आता ते फक्त नव्या बॅटऱ्या विकतात आणि तरीही घरी जाण्याआधी दुकानामागे, भर हायवेच्या साक्षीने, साबण संपेपर्यंत आंघोळ करतात.

परवा मी त्यांच्या घरी गेलो होतो. नात धावत आली, तसे साडू दोन पावलं मागे सरले. ती शर्ट ओढत म्हणाली, "आजोबा, घ्या ना!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"घेऊ?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिलाच सल्ला. "घ्या की," मी म्हणालो.